बटणावरचं कुंकू

कॉलेज बघायला गेलं की तिथं नेमकं काय बघायचं, असं आमच्या साक्रीतले पालक हल्ली मला विचारतात. जूनमध्ये मी मुलीला घेऊन सिल्वासाला जाऊन आलो, तेवढ्यावर त्यांनी मला जाणकार ठरवून टाकलं आहे. वर्ग किती मोठे, कॉम्प्युटर किती, वायफाय आहे का, भिंतीवरचा फळा डिजिटल आहे का, असं सगळं त्यांना हवं असतं. ते मी सांगीनच. पण तिथं मी एक चुकीची गोष्ट केली, ती वगळून बाकीचं सांगितलं तर ते खरं होणार नाही.

माझी मुलगी पूनम दोन्ही कानांना यंत्रं लावते. लहानपणी ताप आला, त्यात ऐकणं कमी झालं. यंत्रं लावली आणि बोलणारा समोर असला की तिला बरंच कळतं. पाठीमागून बोललेलं, दोघं एकदम बोललेलं, पंख्याच्या घरघरीत बोललेलं मात्र निसटतं. मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत ती माझ्याच शाळेत, पहिल्या बाकावर. मी तिच्याकडे तोंड करून शिकवायचो. अकरावी-बारावी तिनं गावातच केली, तेव्हाही संध्याकाळी सगळे धडे मी पुन्हा बोलून दाखवायचो. आता तिला कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. करायचं होतं. सिल्वासाला तिचा मामा राहतो, त्यामुळे राहण्याची सोय होती. प्रश्न एकच होता. जिथं मी नाही, त्या वर्गात तिला ऐकू येईल का?

आमली

गाड्या बदलत वापीपर्यंत जाणं म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. वापीहून सिल्वासाला जाताना गुजरातची हद्द कुठे संपली, हे कळायला पाटी लागत नाही. दारूची दुकानं सुरू झाली की समजायचं. पाट्या गुजरातीत, रिक्षावाला हिंदीत, आणि मागच्या सीटवरच्या दोन बायका चक्क आमच्याकडच्या अहिराणीत सासूबद्दल बोलत होत्या. पूनमनं मला कोपर मारून त्यांच्याकडे बघायला लावलं. तिला ते ओठांवरून कळलं होतं. मला रिक्षाच्या आवाजात काही ऐकू आलं नव्हतं.

मेव्हणा कैलास जवळच्या मसाटला धाग्याच्या कारखान्यात आहे आणि सिल्वासातल्याच आमली भागात दोन खोल्यांत राहतो. दारातूनच त्याचा आवाज आला.

"ये वं पूनम, बठ! दाजी, तुम्ही बी बठा. गाडीमा जागा भेटनी का?"

हा आवाज गल्लीच्या टोकाला गेला असणार. मला वाटलं, भाचीसाठी मुद्दाम मोठ्यानं बोलतोय. पण शेजारचा आला, तोही तसाच. समोरच्या घरातली बाई जिन्यावरून कैलासच्या बायकोशी, ज्योतीशी बोलली, तीही तशीच. दिवसभर मशीनच्या आवाजात काम करणारी ही माणसं. समोर येऊन, तोंडाकडे बघून, हातवारे करत बोलायची त्यांना सवयच लागली आहे. आमच्या घरी पूनमशी असं फक्त मी आणि तिची आई बोलतो. इथं अख्खी चाळ बोलत होती. पूनम तासाभरात त्यांच्यात मिसळून गेली.

तिच्या फोनवर बोललेलं लिहून दाखवणारं एक ॲप आहे. कॉलेजात ते किती उपयोगी पडतं, हेही तिला तपासायचं होतं. तिनं ते मामासमोर धरलं. कैलास त्यात अहिराणीत भरपूर बोलला. फोननं बराच विचार केला आणि पडदा कोराच ठेवला.

"तुना फोन शिकेल शे," कैलास म्हणाला, "पन मन्ही बोली त्याले समजस नही."

"मामा, त्याला तू घाबरवलंस," पूनम म्हणाली.

जेवायला कळण्याची भाकरी, भरीत आणि शेजारणीनं पाठवलेलं खमण होतं. सिल्वासात राहून ज्योतीच्या आमटीत गुळाचा खडा पडायला लागला आहे. कैलास तो ओळखून दरवेळी कुरकुरतो आणि दोन वाट्या पितो. जेवताना त्यानं कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बोट दाखवलं. मशीनवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू होतं, स्वस्तिकाची एकही रेघ न पुसलेली.

"बघा दाजी, तुमच्या वहिनीनं हट्ट करून घेतली. मिक्सरचं कुंकू दिवाळीलासुद्धा राहत नाही. हिचं बघा कसं ताजं आहे!"

"हो, आणि तुमच्या व्यायामाच्या डंबेल्सवरचं?" ज्योती म्हणाली. "त्याच्यावर तर झेंडूपण आहे अजून."

कैलासनं आमटीची वाटी तोंडाला लावली.

हात धुताना पूनम माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, उद्या कॉलेजात माझ्या कानांचं सांगायचं नाही. तुम्ही सांगितलं की ते माझ्याशी वेगळं बोलतात. मग रोज कसं बोलतात, ते मला कसं कळणार?"

मी म्हटलं, "नाही सांगणार."

काचेचं कॉलेज

शहराबाहेरच्या या कॉलेजाची दर्शनी भिंत सगळी काचेची होती. गेटवर चेहरा दाखवला की हजेरी लागते, फी फोनवरून भरता येते, सगळे धडे रेकॉर्ड होतात, असं स्वागताच्या टेबलावरच्या मॅडमनी सांगितलं. त्या मनापासून सांगत होत्या. माझ्या शाळेत एकच प्रोजेक्टर आहे आणि त्याची वायर कोणत्या कपाटात आहे ते फक्त शिपायाला माहीत. मी भारावून गेलो हे लपवत नाही.

पूनम पाणी प्यायला गेली. मॅडम मला वसतिगृहाचं सांगत होत्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, मुलीला जरा कमी ऐकू येतं. तिच्याशी थोडं मोठ्यानं, समोर बघून बोला. मी सांगितलं असं मात्र म्हणू नका."

कुणी विचारलं नव्हतं. त्या क्षणी मला हायसं वाटलं, हेही खरं. इतकी वर्षं मी ज्याच्या त्याच्याजवळ हे वाक्य बोलत आलो होतो. ते बोललं की माझं काम झालं, असं मला वाटायचं.

मॅडमनी कुणाला तरी फोन केला असावा. पूनम परत आली तेव्हा एक तरुण प्राध्यापक आमच्यासोबत निघाले. त्यांनी आम्हाला आधी काय दाखवलं असेल? चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार. मग लिफ्ट. मग अपंगांसाठीचं स्वच्छतागृह. पूनम दोन-दोन पायऱ्या चढणारी मुलगी. ती उताराकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

वर्गात दुसऱ्या वर्षाची मुलं बसली होती. प्राध्यापकांनी पूनमला अगदी पुढच्या खुर्चीवर बसवलं, वाकून तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करून ओरडले, "बेटा! ऐकू! येतंय! का?"

सगळा वर्ग मान वाकडी करून बघायला लागला. मागे कुणीतरी हसलं. पूनमच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आणि एक गोष्ट मी शिक्षक असून इतकी वर्षं विसरलो होतो. ओरडल्यावर ओठ वेडेवाकडे होतात आणि यंत्रात आवाज फाटतो. त्या वर्गात सगळ्यांत कमी कळलं असेल तर ते तिलाच.

प्राध्यापक भला माणूस होता. मी त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं.

वर्ग सुटल्यावर पूनम डिजिटल फळ्याजवळ गेली. फळा भिंतभर होता. त्याच्या चौकटीवर, चालू करायच्या बटणाच्या बरोबर वर, कुंकवाचं स्वस्तिक होतं. कडेला वाळलेलं झेंडूचं फूल खोचलेलं होतं. गेल्या दसऱ्याचं. बटणावर कुंकवाचा ठिपका जसाच्या तसा. पूनमनं बोट न लावता तो पाहिला आणि मला फक्त एवढंच म्हणाली, "मामीची शिलाई मशीन."

मग माझी वाट न बघता ती गेटकडे चालू लागली.

दुधनी

दुपारी कैलासची सुट्टी होती म्हणून तो आम्हाला दुधनीला घेऊन गेला. तिथं मधुबन धरणाचं पाणी डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पसरलं आहे. जूनमध्ये पाणी खाली गेलेलं असतं. काठाची लाल माती पायऱ्यांसारखी उघडी पडली होती. एक बाई चुलीवर मासे भाजत होती. तिच्या मराठीत गुजराती होतं, गुजरातीत आणखी काही. पूनमनं तिच्याशी बोटांनी सौदा केला, तिखट जास्त लावायला सांगितलं आणि मासा घेऊन माझ्यापासून लांब जाऊन बसली.

मी जवळ गेलो. "पूनम, मी चुकलो. मला..."

तिनं दोन्ही कानांतली यंत्रं काढली, डबीत ठेवली, डबी पर्समध्ये ठेवली आणि पाण्याकडे बघत मासा खायला लागली.

लोक रागावले की पाठ फिरवतात, दार लावतात. माझ्या मुलीनं माझा आवाजच बंद केला. मी तिथंच बसून राहिलो. कशासाठी मी ते बोललो? तिच्या काळजीनं, असं मी स्वतःला सांगत होतो. पण काळजीबरोबर आणखी काही होतं. माझ्यावाचून तिचं भागेल, अशी जागा सापडू नये, असं कुठेतरी आत मला वाटत होतं का? होय, वाटत होतं.

कैलासनं होडी ठरवली. ज्योतीला पाण्याची भीती, ती काठावर थांबली. होडीचं डिझेल इंजिन असं धडधडत होतं, की शेजारच्याचं बोलणंही कळेना. थोडं आत गेल्यावर काठावर ज्योती हात हलवून काहीतरी सांगताना दिसली.

"काय म्हणतेय?" कैलास ओरडला.

"काय?" नाविक ओरडला.

"टाटा करतेय," मी ओरडलो आणि तिला टाटा केलं. ती आणखी जोरात हात हलवायला लागली. मीही हलवला.

पूनम डोळे बारीक करून काठाकडे बघत होती. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मामी म्हणतेय, पप्पांची पिशवी झाडाखाली राहिली. गाय दशम्या खातेय."

आम्ही परत फिरेपर्यंत गायीनं दशम्या संपवून फडक्याला तोंड लावलं होतं. पूनमच्या आईनं प्रवासासाठी बांधून दिलेल्या दशम्या त्या. कैलास हसून हसून खाली बसला. "दाजी, गाय जेवतेय आणि तुम्ही तिला टाटा करताय!" पूनम आधी ओठ घट्ट धरून होती, मग तीही फुटली.

त्या इंजिनाच्या आवाजात आम्ही तिघं बहिरे होतो आणि यंत्रं काढून बसलेली ती एकटी ऐकत होती.

काठावर उतरल्यावर तिनं यंत्रं पुन्हा लावली. "उद्या मी हेतलबरोबर जाणार," ती म्हणाली. हेतल म्हणजे मामाच्या समोरच्या घरातली मुलगी, शहरातल्या जुन्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. "तुम्ही बाहेर बसायचं."

मी मान हलवली. या वेळी वचन दिलं नाही. माझ्या वचनाची किंमत तिला कळली होती.

खिडकीबाहेर

हे कॉलेज भर रस्त्याला लागून आहे. औद्योगिक वसाहतीकडे जाणारे ट्रक दिवसभर त्याच्या खिडक्या हलवतात. गेटवर चेहरा कुणी बघत नाही. वॉचमन बघतो, तोही पेपरातून मान वर काढून.

"अंकल, टेन्शन नका घेऊ," हेतल मला म्हणाली. "इधर कोणी काय विचारत नाय. मी सरांना बोलते, मेरी मेहमान है."

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. खिडकीतून वर्ग दिसत होता. जुने लाकडी बाक, साधा फळा, एका बाजूला प्रोजेक्टरचा पडदा, वरच्या दोरीला गाठ मारलेली. सवयीनं मी पहिल्या बाकावर पूनमला शोधलं. ती तिथं नव्हती. दुसऱ्या, तिसऱ्या बाकावरही नव्हती. ती शेवटच्या बाकावर बसली होती, हेतलशेजारी.

 शेवटच्या बाकावरून तिला सरांचे ओठ काय दिसणार?

सर आले. उंच, पिकल्या मिशांचे. त्यांनी खडू उचलला आणि बोलायला तोंड उघडलं, तोच सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "सर, माईक!"

"अरे, मेरा आवाज काफी है!"

"नहीं सर, पीछे ट्रक आता है, आप नहीं आते!"

वर्गात हशा झाला. सर पुटपुटत टेबलाकडे गेले, खणातून छोटा माईक काढून कॉलरला लावला आणि भिंतीजवळच्या काळ्या खोक्याचं बटण दाबलं. वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक स्पीकर होता. तो खरखरला आणि सरांचा आवाज त्यातून आला. पूनम बरोबर त्या स्पीकरखाली बसली होती. आत शिरताक्षणी तिनं तो बघितला असणार.

सर हिंदीत सुरू होत, व्याख्या इंग्रजीत सांगत आणि उदाहरण गुजरातीत देत. मध्येच एका मुलाला मराठीत म्हणाले, "काय रे, झोप झाली का?" पूनमनं फोन बाकावर ठेवला होता. थोड्या वेळानं तिनं तो उलटा करून ठेवला. एकाच वाक्यात तीन भाषा ऐकून ॲप बिचारं मामाच्या अहिराणीसारखंच गप्प झालं असावं.

मग सरांनी एक विनोद केला. काय होता, मला बाहेर नीट कळलं नाही, ट्रक जात होता. वर्ग हसला. आणि पूनम हसली.

हे वाचणाऱ्याला यात काय विशेष, असं वाटेल. सांगतो. माझी मुलगी चारचौघांत नेहमी थोडी उशिरा हसते. आधी इतरांचे चेहरे बघते, मग हसते. लग्नात, वर्गात, घरी पाहुणे आले की, नेहमी. मी ते रोज बघत आलो आहे. त्या दिवशी ती कुणाकडेही न बघता, सगळ्यांबरोबर हसली.

इतक्यात सरांनी शेवटच्या बाकाकडे बोट केलं. "वो नई लड़की. तुम बताओ."

प्रश्न विचारताना ते फळ्याकडे वळले होते, आणि वळताना त्यांच्या मिशा माईकला घासल्या. स्पीकरमध्ये नुसती खरखर झाली. पूनम उभी राहिली. तिला कळलं नव्हतं, हे मला खिडकीबाहेरून दिसलं. मी बाकावरून उठलो. दार चार पावलांवर होतं आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

मी खिडकीचा गज धरला आणि तिथंच उभा राहिलो.

"सर," पूनम म्हणाली, तिचा आवाज आधी बारीक, मग नीट, "मुझे कम सुनाई देता है. इधर देखके फिर से बोलिए ना."

मी वर्गाकडे बघत होतो. कुणी मान वळवली नाही. दोन बाक पुढे बसलेला एक मुलगा म्हणाला, "सर, हमको भी नहीं सुनाई दिया, मूँछ बीच में आई." पुन्हा हशा. सरांनी माईक खाली सरकवला, मागे बघून प्रश्न पुन्हा विचारला. पूनमनं उत्तर दिलं. ते चुकलं. सरांनी तिला बसवून नीट समजावलं आणि तास पुढे गेला.

मी पुन्हा बाकावर बसलो. मी ते वाक्य शेकडो वेळा तिच्या वतीनं बोललो होतो. तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते माझ्यापेक्षा तिला कितीतरी चांगलं जमलं.

तास सुटल्यावर तिनं मला आत बोलावलं. आता ती निरीक्षक होती आणि मी तिच्या मागून चालणारा. लॅबमधले कॉम्प्युटर जुने होते, चार बंद. वायफाय ग्रंथालयाच्या एका खिडकीतच मिळतं, म्हणून मुलं तिथं गर्दी करतात. धडे रेकॉर्ड होत नाहीत. हेतल आणि तिच्या मैत्रिणी टिपणांचे फोटो एकमेकींना पाठवतात. पूनमनं हे सगळं न लपवता सांगितलं. मग मला त्या काळ्या खोक्याजवळ नेलं. खोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, आणि बटणावरचं कुंकू पार पुसलं गेलं होतं. खाली पितळ चमकत होतं.

"इथं," ती म्हणाली.

"पण वायफाय?"

"ते मागून घेऊ. वर्गानं माईक मागितला तसं."

साक्रीला परत आलो आणि शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी सवयीनं पहिल्या बाकाकडे तोंड करून उभा राहिलो. मग आठवलं. "मागे ऐकू येतंय का रे?" मी विचारलं. मागची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना हा प्रश्न नवीन होता. आता मी वर्गात फिरून शिकवतो.

म्हणून पालक विचारतात तेव्हा मी सांगतो, यंत्र किती आणि केवढं ते बघा, पण त्याचं बटण आधी बघा. आणि आपल्या मुलाला आत पाठवून तुम्ही बाहेर बसा. दुसरं जास्त अवघड आहे.

पूनम आमलीत मामाकडे राहते. रोज फोन करायचा नाही, ही तिची अट. मी पाळतो, निदान पाळण्याचा प्रयत्न करतो. दसऱ्याला त्यांच्या वर्गात माईकच्या खोक्याची पूजा झाली. कुंकू पूनमनं लावलं. "शेवटच्या बाकावरची सगळ्यांत गरजू," असं हेतल म्हणाली म्हणे, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पूनमनं फोटो पाठवला होता. खोक्यावर झेंडूचा हार, बटणावर ताजा लाल ठिपका.

त्याच आठवड्यात तिनं आणखी एक फोटो पाठवला. तेच खोकं, हार सुकलेला, बटणावर नुसतं पितळ. खाली लिहिलं होतं: "पप्पा, गेलं."